भिंत फक्त शनिवारी उकलते

शप्पथ! बालाजीची शप्पथ, माझ्या नव्या कवळीची शप्पथ, हे सगळं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं बोलत असेन तर आत्ताच्या आत्ता ही कवळी या चहात पडू दे. पडली? नाही ना पडली? मग गप बसून ऐका. आणि माझ्या सुनेला विचारायला जाऊ नका. ती म्हणेल, "आईंच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं." कोणतं निम्मं, ते तिला अजून कळलेलं नाही.

आम्ही हैद्राबादला, चिक्कडपल्लीत राहतो, पद्मजा निलयममध्ये, दुसऱ्या मजल्यावर. मी, माझा मुलगा प्रकाश आणि सून चारुलता. प्रकाश तारनाक्याला रेल्वेच्या ऑफिसात. सकाळी जातो तो दिवेलागणीलाच उगवतो, तेव्हा या गोष्टीत त्याचं काही काम नाही. चारुलता आमच्या हॉलमध्ये पोरींना कथक शिकवते. आठवड्यात अधूनमधून दोन-चार पोरी येतात, पण शनिवारी सकाळी अख्खी फौज. घुंगरू बांधून सगळ्या एकदम ठेका धरतात तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे चालायला लागतात. एकदा साखरेचा डबा मी दारापाशी पकडलाय, निघाला होता जिन्याकडे.

आमच्या बरोब्बर खाली हिम्मतराव. मूळचे परभणीकडचे शेतकरी, निजामाच्या काळापासून त्यांच्या घराण्याचं इकडे जाणं-येणं. दिलसुखनगरला कापडाचं दुकान आहे, ते आता मुलगा बघतो. हिम्मतराव घरी बसून संशय घेतात. पेपरवाला त्यांचा पेपर आधी स्वतः वाचतो, लिफ्ट त्यांना बघून मुद्दाम वर जाते, कबुतरांना त्यांच्याच बाल्कनीचा पत्ता कुणीतरी दिलाय. झोपेत घोरतात तेसुद्धा कुणाला तरी दम दिल्यासारखं. ते घोरायला लागले की मुशीराबादेत लोक खिडक्या लावून घेतात. माझे मालक होते तेव्हा हिम्मतराव त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून मी त्यांची वैनी आणि ते माझे भाऊजी. नातं एकदम पक्कं, विश्वास काडीचा नाही.

तर उन्हाळा लागला होता. एक दिवस हिम्मतराव दारात उभे. घामाघूम, हातात मोबाइल.

"वैनी, तुमच्या सूनबाईनं माझी भिंत फोडली."

"हातानं?"

"पायानं! नाचून नाचून. बेडरूमच्या भिंतीला हा एवढा तडा गेला बगा. फोटू काढलाय."

बघितला फोटो. तडा होता खरा. भिंतीवरून पाल गेल्यासारखा, वरून खाली, वाकडातिकडा.

"भाऊजी, उन्हानं असेल."

"ऊन काय आज पडायलंय का हैद्राबादेत? नक्को, मला शिकवू नक्को. मी एकनाथरावांना बोललोय."

एकनाथराव म्हणजे आमच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. माणूस चांगला, फक्त जो शेवटी बोलेल त्याचं खरं मानतात. त्यांनी सांगितलं, महिनाअखेरीच्या रविवारी बैठक घेऊ. नाचामुळे इमारतीला धोका आहे असं ठरलं तर क्लास बंद.

चारुलता उन्हात घातलेल्या घुंगरांच्या पिशव्या एक-एक करून आत ठेवत राहिली. आधी दोन जागांवरून तिला उठवलं होतं. एका हॉलचं लग्नकार्यालय झालं, दुसऱ्याचं कोचिंग सेंटर. आमचा हॉल ही शेवटची जागा. दसऱ्याला तिच्या पोरी पहिल्यांदा स्टेजवर उभ्या राहणार होत्या. ती रडली असती, भांडली असती, तर मलाही खाली जाऊन तोंडसुख घेता आलं असतं. पण ती नुसती पिशव्यांच्या नाड्या ओढून घट्ट करत होती. मला ते बघवेना.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची अश्विनी मधे पडली. ही पुण्याहून आलेली भाडेकरू पोरगी, यंत्रांची तपासणी करणाऱ्या कंपनीत कामाला. बोलणं असं की प्रत्येक शब्दाला इस्त्री.

"काका, आजी, आपण वाद का घालतोय? तडा वाढतो का, आणि केव्हा वाढतो, ते मोजून बघू या."

हिम्मतराव म्हणाले, "पट्टी लावून मोजलाय म्या."

"तशा पट्टीनं नाही काका. केसाच्या जाडीपेक्षाही कमी हलला तरी कळायला पाहिजे. माझ्याकडे डबा आहे."

तो डबा मी बघितलाय. जेवणाच्या डब्याएवढा, एका अंगाला तारा, दुसऱ्या अंगाला लॅपटॉपची वायर, कपाळाला लाल दिवा. आणि बरोबर एक पातळ पोलादी पट्टी, कमानीसारखी वाकवलेली. मी म्हटलं, बाई, हे काय करतं ते मला समजेल असं सांग, नाहीतर मी पहिला संशय तुझ्यावरच घेईन.

"हे बघा आजी. पट्टीचा एक पाय तड्याच्या या बाजूला चिकटवायचा, दुसरा त्या बाजूला. तडा उघडला की पट्टी ताणली जाते. पट्टीवर बारीक तारेची नक्षी चिकटवलेली आहे, तीही ताणली जाते, आणि तिच्यातून जाणारी वीज इवलीशी बदलते. एवढुसा बदल हा डबा टिपतो, मोठा करतो, त्याचा आकडा बनवतो आणि लॅपटॉपला पाठवतो. लॅपटॉप त्या आकड्यांची रेघ काढतो."

"म्हणजे चिमटा पट्टीला, दुभाषा डबा, आणि चहाड्या लॅपटॉप सांगणार."

"अं... हो. साधारण तसंच."

हिम्मतराव लगेच म्हणाले, "आकडा खरा कशावरून?"

त्यावर तिनं पत्र्याचे पातळ तुकडे काढले. प्रत्येकाची जाडी तिला आधीच ठाऊक होती. पट्टीच्या पायाखाली एक-एक सरकवून लॅपटॉपवर तोच आकडा येतो का ते दाखवलं. नवा तराजू आणला की आपण आधी ओळखीचं माप टाकून बघतो ना, तसं. हिम्मतरावांनी ते तुकडे दातानं चावूनसुद्धा बघितले.

"आणि हा डबा सारखा बघत राहतो?" मी विचारलं.

"सारखा नाही. दर थोड्या वेळानं एकदा बघतो, आकडा टिपतो, गप बसतो. तडा सावकाश हलतो, एवढं पुरे."

"मधल्या वेळात काय झालं तर?"

"ते त्याला माहीत नसतं."

"हौ, म्हणजे आपला वॉचमनच हा."

पट्टी तड्यावर बसली, शेजारी डबाही. पण हिम्मतरावांच्या अटी ऐका. यंत्राला कुणी हात लावू नये म्हणून बेडरूमला कुलूप. किल्ली त्यांच्या कमरेच्या करदोड्याला. तार दाराखालून काढून लॅपटॉप हॉलमध्ये. अश्विनीलाही आत जायची मनाई, कारण ती आमच्याकडे दोनदा पोहे खाताना दिसली होती. आत जाणार फक्त ते आणि त्यांची बायको उषा. आणि भिंतीला खिळा मारायचा नाही, टाचणीसुद्धा टोचायची नाही. उषाचं कॅलेंडर उतरवलं, लग्नातला फोटो उतरवला, देवाची तसबीरसुद्धा गादीखाली गेली.

उषा मला जिन्यात भेटली, बिचारी भेदरलेली. "ताई, तो लाल दिवा सारखा टक लावून बघतो हो. कपडे बदलायला लाज वाटती. घरात बाहेरच्याची नजर येऊन बसल्यासारखं झालंय."

मी म्हटलं, "वरून फडकं टाक."

"टाकली ना जुनी साडी. तरी साडीतून बघतोच तो."

मी हसले आणि विसरले. तिथंच माझी चूक झाली बघा.

पहिल्या आठवड्यातच रेघ बोलायला लागली. रोज दुपारी वर चढायची, रात्रीत खाली यायची. हिम्मतरावांनी टाळी वाजवली, "पोरी येतात तेव्हाच!" अश्विनी म्हणाली, "काका, पोरी रोज येत नाहीत. रेघ मात्र रोज चढते. ही भिंत पश्चिमेची आहे, ऊन लागलं की फुगते, गार झाली की आक्रसते." हिम्मतरावांनी तोंड तेवढं वाकडं केलं.

मग आला शनिवार. सकाळी वर घुंगरू वाजायला लागले, आणि खाली रेघ एकदम पायरी चढल्यासारखी वर गेली. चढली ती चढलीच. पोरी घरी गेल्या, रेघ तिथंच. मग पुढं आठवडाभर, उन्हाची रोजची चढउतार चालूच होती, पण एकंदर रेघ थोडी थोडी खाली उतरत गेली. शुक्रवारपर्यंत जवळजवळ पहिल्या जागी. आणि शनिवारी सकाळी पुन्हा पायरी!

हिम्मतरावांनी त्या रेघेचा फोटो सगळ्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "यंत्र झूट नहीं बोलता." लोकांनी अंगठे दाखवले. आमच्याकडे यायच्या पोरींपैकी एकीच्या आईनं निरोप धाडला की सध्या राहू दे.

अश्विनीचा चेहरा पडला होता. "आजी, मला समजत नाहीये. नाचल्यानं तडा हलला असता तर नाच थांबल्यावर परत यायला हवा, नाहीतर कायमचा वाढायला हवा. हा तर शनिवारी उघडतो आणि आठवडाभर हळूहळू मिटतो."

"भिंत काय जखम आहे, भरून यायला?"

"तेच ना!"

चारुलतेनं मग एक केलं. पुढच्या शनिवारी सगळ्या पोरींना सुट्टी दिली. हॉल रिकामा. घुंगरू पिशवीत. आम्ही दोघी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो, म्हणजे जमिनीला आमचा स्पर्शसुद्धा नको. आणि थोड्या वेळानं खालून ओरडा ऐकू आला.

"चढली! रेघ चढली!"

मी धावत खाली. "भाऊजी, आज नाच नाही. आता काय म्हणता?"

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "वैनी, खरं सांगा. तुम्हीच नाचला ना?"

"मी?"

"हौ. चोरून. तुमचा काय भरोसा नाही."

बघा! या गुडघ्यांनी! खुर्चीतून उठताना ज्यांचा आवाज शेजारी ऐकू जातो! पण गंमत पुढं आहे. वर आले तर चारुलता माझ्या पायांकडे बघत होती.

"आई, मी अंघोळीला गेले होते तेव्हा तुम्ही काही... म्हणजे काही आपटलं-बिपटलं नाही ना?"

"हो, चक्कर घेतली दोन मिनिटं. तबलजीसुद्धा बोलावला होता."

"आई, चेष्टा नका करू. माझा क्लास जाणार आहे."

ती एवढंच बोलली आणि आत गेली. माझ्या घरात माझ्यावर संशय! तेव्हा मी ठरवलं, आता कुणावर संशय घ्यायचा तो मी घेणार. आणि घेतला, सगळा हिम्मतरावांवर. शनिवारी फाटणारी आणि शुक्रवारपर्यंत शिवून निघणारी भिंत जगात नसते. हा बाबा शनिवारी आत जाऊन स्क्रूड्रायव्हर घालून तडा उचकटतो, मला पक्की खात्री. पण आत शिरायचं कसं?

बैठकीच्या आधीचा शुक्रवार. दुपारचं ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला सोडत नव्हतं. मी बाजारातून कैऱ्या घेऊन आले, आणि पहिल्या मजल्यावर हिम्मतरावांच्या दारात आले तेव्हा मनात आलं, या घरात कूलर एकच, आणि तो बेडरूममध्ये. बस्स. मी नाटक सुरू केलं. भिंतीला धरलं, "उषा गं..." म्हटलं, आणि पिशवी सोडून दिली. कैऱ्या गडगडत जिन्यावरून खाली. असं नाटक जमलं म्हणून सांगू, डोळेसुद्धा मी पांढरे केले. उषा ओरडली, हिम्मतराव धावत आले. "कूलरसमोर निजवा, कूलरसमोर!" करदोड्याची किल्ली काढायला त्यांना जरा वेळ लागला, पण शेवटी कुलूप निघालं आणि मी आत, पलंगावर, कूलरच्या गार वाऱ्यात.

उषा पाणी आणायला गेली, हिम्मतराव डॉक्टरला फोन लावायला. मी एक डोळा उघडला. समोर भिंत. भिंतीवर लोंबती जुनी साडी. साडीखालून लाल दिवा लुकलुकतोय. वाकून कोपरा उचलला.

पट्टीच्या कमानीला लिंबू-मिरची टांगलेली होती!

हो, तीच. आपल्याकडे दुकानाला, रिक्षाला शनिवारी बांधतात ती. दोऱ्यात ओवलेल्या हिरव्या मिरच्या, मधे लिंबू, खाली कोळसा. फक्त ही जुनी झाली होती. मिरच्या मुरडून गेलेल्या, लिंबू सुकून सुरकुतलेलं, माझ्या हनुवटीसारखं. हाताला लागलं तर हलकं, पोकळ.

लिंबू वाळलं की किती हलकं होतं, हे लोणची घालणारीला यंत्रानं सांगावं लागत नाही. आठवडाभर वाळतं, आणि शनिवारी नवं रसरशीत लिंबू. माझ्या डोक्यात ती रेघ सरसर वर चढली आणि सावकाश उतरली.

तेवढ्यात पावलं वाजली. साडी सोडली, डोळा मिटला. कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर लिंबू तिथून गायब झालं असतं, आणि "वैनीनंच लावलं होतं" अशी बोंब झाली असती. जिच्यावर आधीच नाचल्याचा आळ आहे तिनं पुरावा एकटीनं बघायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी बाल्कनीत उभी. बादलीत लिंबू-मिरच्या घेऊन फिरणारा गल्लीत आला. वर आमच्या पोरींनी पायांचा तत्कार सुरू केला, आणि खाली उषानं खिडकीतून दोरीनं पिशवी सोडून एक माळ वर ओढून घेतली. रोजच्या वेळेला भाजीवाला यावा तसं, दोन्ही गोष्टी एकाच घटकेला. मी आत आले आणि चारुलतेला म्हटलं, "उद्या बैठकीच्या वेळी पोरींना बोलावून घे. घुंगरू बांधून तयार ठेव."

"कशाला?" तिनं डोळे बारीक केले. "तुम्ही काय केलंय?"

"अजून काही नाही."

रविवारी हिम्मतरावांच्या हॉलमध्ये सगळी बिल्डिंग. एकनाथराव मधोमध, अश्विनी लॅपटॉप घेऊन, चारुलता दाराजवळ उभी, बसायला सांगितलं तरी बसेना. बेडरूमच्या दाराला कुलूप दिसत नव्हतं, पण मी त्याबद्दल काही बोलले नाही.

एकनाथराव म्हणाले, "तर रेघ सगळ्यांनी बघितलेली आहे. दर शनिवारी तडा वाढतो. मला वाटतं निर्णय..."

"थांबा," मी म्हटलं. "अश्विनी, तुझा डबा मधे मधे डुलक्या काढतो म्हणालीस ना? त्याला आज टक्क जागं ठेवता येईल?"

"हो आजी. एका सेकंदात शेकडो वेळा बघायला लावते."

तिनं बटणं दाबली. रेघ सरळ पळायला लागली. मी बाल्कनीत जाऊन वर हाक मारली, "पिल्लांनो, सुरू करा!" आणि वर जो काय दणदणाट झाला! एकनाथरावांच्या कपातला चहा बशीत आला. सगळे लॅपटॉपवर वाकले. रेघ थरथरत होती, वाऱ्यावर गवत हलावं तशी. पोरी थांबल्या, रेघ थांबली. जिथं होती तिथंच, कणभरही वर नाही.

"आज हळू नाचल्या," हिम्मतराव म्हणाले.

"हळू? अहो, तुमचा चष्मा नाकावरून घसरलाय."

त्यांनी चष्मा वर केला. "मग शनिवारची पायरी कशाची?"

"बघत राहा रेघेकडे. कुणी उठू नका." मी बेडरूममध्ये गेले, साडी बाजूला केली आणि माळ काढली.

"पडली! रेघ खाली पडली!" बाहेर आरडाओरडा. मी माळ परत टांगली. "चढली!" पुन्हा काढली. "पडली!" एकनाथराव ओरडले, "अहो, आत कोण तडा उघडमीट करतंय?" हिम्मतराव धावत दारात आले, आणि माझ्या हातातली लिंबू-मिरची बघून दोन पावलं मागं सरले.

"चेटूक! वैनी, तुम्ही चेटूक केलं!"

"मी नाही भाऊजी. घरच्याच माणसाला विचारा."

उषा स्वयंपाकघराच्या दारातून पदर चावत म्हणाली, "म्या बांधली."

"कामून?" हिम्मतराव तिच्याकडे वळले.

"कामून म्हणजे? घरात परका डोळा आणून ठेवला तुम्ही. नजर नको लागायला? भिंतीला खिळा मारू देत नव्हता. देवसुद्धा गादीखाली घातला. मग कुठं बांधायची? त्या पट्टीला बरोब्बर टांगता येत होती. जशी काय त्यासाठीच वाकवलेली."

अश्विनीनं डोक्याला हात लावला. "वजन! पट्टी लिंबानं ताणली जात होती. ताजं लिंबू जड, वाळलं की हलकं, आणि शनिवारी नवं." मग ती हळूच म्हणाली, "पट्टी किती ताणली गेली तेवढंच मी विचारत बसले. कशानं ताणली, हे मला आत जाऊन बघायला हवं होतं."

"जाऊ दिलं असतं तर बघितलं असतं ना," मी म्हटलं आणि हिम्मतरावांकडे बघितलं.

"आणि तडा?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "तडा तर आहे!"

"आहे काका. उन्हानं रोज उघडतो, रोज मिटतो. वरवरचा आहे. रंगाऱ्याकडून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घ्या."

"म्हणजे सूर्यानं केलं."

"हो."

हिम्मतरावांनी खिडकीतून पश्चिमेकडं असं बघितलं की सूर्यावर नोटीस काढावी की काय. एकनाथरावांनी घसा साफ केला. शेवटी अश्विनी बोलली होती, म्हणजे तेच खरं. "क्लास चालू राहील," ते म्हणाले. चारुलता तेव्हा कुठं खुर्चीवर बसली, एकदम, जणू कुणीतरी तिच्या पाठीतली नाडी सैल केली. उषानं तिला पाणी दिलं. तिनं ते घेतलं, आणि उषाचा हात काही वेळ सोडला नाही.

मग तिला आठवलं. माझी सून आहे ती, संशय कुठं जातो! "पण आई, ही माळ आत आहे हे तुम्हाला कळलं कसं? खोलीला तर कुलूप होतं."

"शुक्रवारी चक्कर आल्याचं नाटक केलं. यांनी मला कूलरसमोर नेऊन निजवलं."

"नाटक?"

"मग काय? डोळे पांढरे केले होते मी. विचार यांना."

हिम्मतरावांनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाले, "हौ. वैनी मोठ्या कलाकार आहेत."

आता त्या पट्टीला लिंबू नाही, पट्टीही नाही. तड्याच्या जागी लांबी भरली आहे, आणि तिच्यात हिम्मतरावांनी स्वतः खिळा मारून दिलाय, खास लिंबू-मिरचीसाठी. शनिवारी घुंगरू वाजतात. ते छताकडे बघून म्हणतात, "आज तिसऱ्या रांगेतली पोरगी चुकली." कान तयार झालाय.

चला, चहा निवला. कवळी अजून जागेवर आहे, बघून घ्या.

बरं... एक. एकच बारीकसा तपशील मी पदरचा घातला. ते नाटक नव्हतं. जिन्यात मला खरीच भोवळ आली, कैऱ्या खरंच हातातून सुटल्या, आणि पुढचं मला काही आठवत नाही. उषानं मागाहून सांगितलं. मला उचलून हिम्मतराव दारापाशी गेले, करदोड्याची गाठ घामानं सुटेना, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातला वरवंटा मागवला आणि आपलं स्वतःचं कुलूप फोडलं. ज्या खोलीत देवालासुद्धा गादीखाली दडवलं होतं, तिथं मला नेऊन निजवलं आणि टॉवेलानं वारा घालत बसले. मला डोळा उघडता आला तेव्हा ते डॉक्टरला फोनवर ओरडत होते, "आमच्या वैनी आहेत त्या, लौकर या!"

हे चारुलतेला सांगू नका. नाहीतर उद्या अश्विनीचा डबा आमच्या घरी येईल, आणि ती पट्टी माझ्या दंडाला चिकटवतील.